पाहुणा होण्याचा अभ्यास : अल्पकालीन मिशनयात्रेच्या तयारीविषयी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनुभवातून

दोन आठवडे, महिना, फार तर तीन महिने. एवढ्या मुदतीसाठी आपला देश आणि आपली मंडळी सोडून परमुलखात सेवेला व सुवार्तेला जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांची संख्या आज फार मोठी आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी केलेल्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख चर्चसभासद अशा यात्रांना बाहेर पडत होते. एकोणिसाव्या शतकातला मिशनरी जहाजावर चढताना परतीचा हिशेब करत नसे. विमानप्रवास आवाक्यात आला आणि चित्र पालटले. १९५७ मध्ये जॉर्ज वर्वर मित्रांना घेऊन मेक्सिकोला गेले, त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन उभे राहिले. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन सुरू केले. सुट्टीतली मिशनयात्रा तेव्हापासून तरुण ख्रिस्ती आयुष्याचा एक टप्पाच होऊन बसली. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या मंडळ्यांतून नेपाळला किंवा आफ्रिकेला जाऊ इच्छिणारी मुले-मुली, परदेशातल्या मराठी घरांतून भारतात सेवेला येऊ पाहणारी पुढची पिढी, आणि अशा पाहुण्यांना उतरवून घेणारे आपल्याकडचे पाळक व कार्यकर्ते, या सगळ्यांचा या विषयाशी थेट संबंध आहे.

शीर्षकात ‘अभ्यास’ म्हणण्याचे कारण आहे. गेल्या काही दशकांत अल्पकालीन मिशन हे मिशनशास्त्र, मानवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि विकासाचे अर्थशास्त्र यांच्या सीमेवरचे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र बनले आहे. त्यावर सर्वेक्षणे झाली, आचारसंहिता लिहिल्या गेल्या, कडाक्याचे वाद झाले. पण यातले बहुतेक लेखन जाणाऱ्याच्या बाजूचे आहे. निधी कसा उभारावा, सामानात काय घ्यावे, साक्ष कशी द्यावी, परतल्यावर अनुभव कसा सांगावा, हे त्याचे विषय. ज्यांच्या दारात हा पाहुणा उभा राहतो त्यांच्या बाजूने लिहिलेले फार थोडे सापडते. माझे म्हणणे एवढेच आहे की यात्रेची तयारी यजमानाच्या ओसरीवरून सुरू व्हायला हवी. यजमानाचे वर्ष कसे चालते, त्याने आधी कोणाकोणाला पाहिले आहे, तो कशाला हो म्हणतो आणि कशाला नाही, हे कळले की सामानाची यादी आपोआप तयार होते. हे समजून घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांइतकी चांगली शाळा महाराष्ट्रात दुसरी नाही.

जुना चांदा (चंद्रपूर) जिल्हा म्हणजे गोंड राजांची राजधानी, वैनगंगा-प्राणहिता-इंद्रावतीचे खोरे आणि दक्षिणेला गोदावरीला भिडलेला सिरोंचा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक भूमीवर जंगल आहे. बाहेरचा माणूस ‘आदिवासी भाग’ या एका शब्दात हा मुलूख उरकून टाकतो. प्रत्यक्षात कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते, धानोरा-एटापल्लीत गोंडी, भामरागडात माडिया, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत निर्वासित म्हणून वसवलेल्या बंगाली कुटुंबांची बांगला, आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. एका जिल्ह्यात एवढ्या भाषा नांदत असतील तर ‘भाषेची तयारी’ म्हणजे नेमकी कोणत्या भाषेची, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर गाव ठरल्याशिवाय मिळत नाही. म्हणून गाव आणि यजमान आधी ठरावा, गट नंतर जमवावा. बहुतेक यात्रांमध्ये हा क्रम उलटा असतो.

या मुलखात मिशनचा इतिहासही दीर्घ आहे आणि जवळजवळ सगळा मुक्कामाला आलेल्या माणसांचा आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. त्याने शाळा काढली, मराठी आत्मसात केली, पायी आणि बैलगाडीने प्रांत पालथा घातला. चांदा जिल्ह्यातल्या मांगलीच्या दगडांत त्याला सापडलेला एका प्राचीन उभयचराचा जीवाश्म लंडनला गेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गोंडांच्या लिंगोची कथा त्याने परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून ऐकून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली आणि गोंड संस्कृतीच्या अभ्यासाचा तो एक आरंभग्रंथ ठरला. अठरा वर्षे राहिलेल्या माणसाच्या हातून झालेले हे काम आहे. त्याची तुलना दोन आठवड्यांच्या यात्रेशी करणे अन्यायाचे होईल. तरी एक गोष्ट पाहुण्याने हिस्लॉपकडून उचलावी: ज्यांना सांगायला आला त्यांचे तो आधी लिहून घेत होता.

पुढे चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे आणि सिरोंचात अमेरिकन मेथडिस्टांचे मिशन उभे राहिले. १९६२ मध्ये चांद्याचे कॅथलिक मिशनक्षेत्र केरळच्या सीएमआय धर्मसंघाकडे सोपवले गेले. सिरो-मलबार चर्चला केरळबाहेर मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र, १९७७ मध्ये ते पूर्ण धर्मप्रांत झाले आणि त्याचे मुख्य ठिकाण बल्लारपूर. या घटनेकडे अभ्यासकाने थांबून पाहावे. मिशन म्हणजे युरोपातून भारतात येणारा गोरा माणूस, हे चित्र इथे मोडते. केरळहून आलेले धर्मगुरू आणि सिस्टर यांना मराठी, तेलुगू, गोंडी या तिन्ही भाषा परक्याच होत्या. त्याही आधी तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी १९०३ मध्ये स्वतःची मिशनरी संस्था काढून गोदावरीपलीकडच्या दोर्नकलला माणसे पाठवली होती. व्ही. एस. अझरिया हे तिचे एक संस्थापक. १९१२ मध्ये ते दोर्नकलचे, आणि अँग्लिकन परंपरेतले पहिले भारतीय, बिशप झाले.

याच अझरियांनी १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत केलेले भाषण या क्षेत्राच्या वाचनयादीत अगदी वर ठेवावे. मिशनऱ्यांच्या त्यागाचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि मग सभागृहाला अवघडून टाकणारी मागणी केली. तुम्ही सर्वस्व दिलेत, पण आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या, असा तिचा आशय होता. एका ताटात जेवणारा, घरात बोलावणारा, बरोबरीने वागवणारा मित्र. शंभराहून अधिक वर्षे झाली, पण परदेशी गट आणि स्थानिक मंडळी यांच्यातला प्रश्न यापेक्षा नेमक्या शब्दांत कोणी मांडलेला नाही.

मिशनचे काम नेमके काय, या प्रश्नावर खुद्द मिशनमध्येच वाद झाले आहेत आणि त्यातला एक मोठा वाद आपल्या परिसरातला आहे. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. तिथे त्यांना शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. १९३२ मध्ये दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरचे बिशप अॅलेक्स वुड यांनी एल्विनना धर्मोपदेशकाचा परवाना नाकारला. वुड हे काही कचेरीत बसलेले अधिकारी नव्हते, त्यांनी स्वतः चांद्यात मिशनरी म्हणून काम केले होते. सुवार्ता सांगणे हे मिशनऱ्याचे मुख्य कर्तव्य, अशी त्यांची धारणा. गोंडांचा धर्म न बदलता त्यांची सेवा करायची, असा एल्विन यांचा आग्रह. काही वर्षांतच एल्विन चर्चमधून बाहेर पडले आणि मानवशास्त्राकडे वळले. हिवाळ्यांनीही परधानांवर मोलाचे पुस्तक लिहिले. यात कोण बरोबर, याचा निकाल हा लेख देणार नाही. पण यात्रेला निघणाऱ्या गटाने हा वाद आपसांत पूर्ण भांडून घ्यावा. आपण सेवेला चाललो आहोत की सुवार्तेला, आणि दोन्हींसाठी असेल तर यजमानाला ते उघड सांगितले आहे का? ज्या गटाने हे विमानतळावर पोहोचण्याआधी ठरवलेले नसते, तो गावात पोहोचल्यावर दोन तोंडांनी बोलू लागतो. त्याचे मोल मात्र तिथल्या पाळकाला वर्षानुवर्षे मोजावे लागते.

या प्रश्नाला राजकीय इतिहासही आहे. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तेव्हा चांदा जिल्हा त्याच राज्यात होता. १९५६ मध्ये आलेला तिचा अहवाल मिशनवर कठोर टीका करणारा होता आणि ख्रिस्ती संस्थांनी त्याच्या निष्कर्षांना जोरदार हरकत घेतली. धर्मांतरावरची आजची चर्चा पुष्कळदा त्याच अहवालातल्या मुद्द्यांवर फिरत असते, म्हणून तो आणि त्याला दिलेली उत्तरे, दोन्ही बाजू वाचायलाच हव्यात. आणि त्याच १९५६ साली, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारो लोकांना धम्मदीक्षा दिली. धर्म बदलणे म्हणजे काय, तो कोणाच्या इच्छेने बदलावा, बदलल्याने माणसाची प्रतिष्ठा कशी उभी राहते, यावर इथल्या माणसाने स्वतः विचार केलेला आहे. त्याला या विषयात कोरी पाटी समजणारा पाहुणा त्याचा अपमान करतो.

आता थोड्या मुदतीच्या सेवेकडे वळू. तिचे जगातले एक मूळ युद्धाच्या राखेत आहे. १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने आणि शांततावादी ख्रिस्ती कार्यकर्त्याने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळ उद्ध्वस्त गाव पुन्हा बांधायला निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. त्यात कालपरवाच्या शत्रुदेशाची माणसेही होती. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था त्यातून वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतात आले आणि नदीच्या पुराने उठलेली गावे वसवण्याच्या कामाला लागले. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे स्वयंसेवक चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला, बाबा आमटे यांच्या आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत आले. त्यांनी तिथे दवाखान्याच्या इमारती बांधल्या. त्या बांधकामाचे महत्त्व आहेच, पण आनंदवनाच्या इतिहासात त्याहून मोठी म्हणून सांगितली जाते ती दुसरीच गोष्ट. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी, त्यांच्या गाईचे दूध वरोऱ्यात कोणी घेत नव्हते. हे परदेशी पाहुणे मात्र त्याच माणसांबरोबर राहत होते, घाम गाळत होते आणि त्यांनी रांधलेले, त्यांच्या मळ्यातले अन्न खात होते. हे गावाने पाहिले आणि भीती ओसरू लागली. पाहुणा पाहुणा असल्यामुळेच जे करू शकतो ते हे आहे. बांधकाम वरोऱ्याच्या गवंड्यांनीही केले असते. त्या ताटावर बसून जेवणे ही त्या वेळची खरी साक्ष होती, आणि तिला एकही प्रवचन लागले नाही.

आनंदवनाच्याच परिवारातली दुसरी परंपरा मूलजवळच्या सोमनाथची. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातली तरुण मुले सकाळी श्रमदान करतात आणि दुपारी-संध्याकाळी चर्चेला बसतात. या छावणीत आलेली कितीतरी माणसे पुढे आयुष्यभराच्या सामाजिक कामाला लागली. तिची रचना मिशनयात्रेच्या अभ्यासकाने तपासावी: काम यजमानाच्या शेतावरचे, वेळापत्रक यजमानाचे, बोलणारे बहुतांशी इथल्या कामातले, आणि येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकाऊ म्हणूनच वागवले जाते.

याच्या उलट बाजूचे सर्वांत तिखट भाषण इव्हान इलिच यांचे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोत उन्हाळी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे या कॅथलिक धर्मगुरूने सांगितले की तुमच्या चांगुलपणाने इथल्या माणसांचे नुकसान होते. या, पाहा, फिरा, शिका, पण मदत करायला येऊ नका. हे बोल टोकाचे आहेत, तरी त्यांना उत्तर द्यायचे तर पुरावा लागतो. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तो पुरावा शोधतो. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये परदेशी गटांनी बांधलेली घरे आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेली घरे त्यांनी ताडून पाहिली. प्रवास धरून परदेशी गटाच्या एका घराचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर पडला, स्थानिक संस्थेचा सुमारे २,०००. घर कोणी बांधले याने त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात दखल घ्यावा असा फरक पडला नाही. आणि परत गेलेल्या स्वयंसेवकांच्या दानात, प्रार्थनेत, जीवनक्रमात टिकाऊ बदल फारच थोडा दिसला. निघण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपल्या प्रवासखर्चाचा आकडा कागदावर लिहावा आणि त्या रकमेत यजमान संस्था काय करू शकली असती ते तिलाच विचारावे. कदाचित ती म्हणेल, तरीही या. कदाचित म्हणेल, या वर्षी पैसे पाठवा आणि पुढच्या वर्षी दोघेच या. दोन्ही उत्तरे ऐकण्याची तयारी म्हणजेच यात्रेची तयारी.

यजमानाला विचारायचे म्हणजे कसे, याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत इथे काम करत आहेत. आदिवासी माणसे दवाखान्यात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. उत्तरे कोणत्याही अहवालात नव्हती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. रोग्याबरोबर आलेल्या घरच्यांना तिथे जागा नसते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? या उत्तरांवरून संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना खेड्यासारख्या सुट्या झोपड्यांचा बांधला गेला, नातेवाइकांना राहायची सोय झाली आणि नाव लोकांनी सुचवले, माँ दंतेश्वरीचे. याच संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आठवड्याचे आरोग्यशिबिर घेऊन गोळ्या वाटून परतणाऱ्या वैद्यकीय मिशनगटाने हा प्रयोग बारकाईने वाचावा. शिबिर उठल्यावर रक्तदाबाची पुढची गोळी कोण देणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याने पहिली गोळीही देऊ नये. पाहुण्या डॉक्टरचा वेळ आरोग्यदूतांसारख्या माणसांना काही शिकवण्यात, आणि त्यांच्याकडून शिकण्यात, अधिक कारणी लागतो.

हो-नाही ठरवण्याचा अधिकार गावाचा, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने साऱ्या देशाला दाखवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गोंड गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची रीत ठेवली आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. इथे बाहेरचा माणूस ग्रामसभेला विचारून येतो. मिशनयात्रेसाठी याचा अर्थ सरळ आहे. आपला यजमान चर्च असले तरी ते चर्च एका गावात आहे, आणि त्या गावाला बोलायचा अधिकार आहे. पाळकाची चिठ्ठी आली म्हणून गावाची संमती मिळाली असे होत नाही. गायता-पेरमांसारखे गोंड गावचे पारंपरिक मानकरी, पाटील, सरपंच, अंगणवाडीताई, आशाताई, या माणसांना आपण का आलो हे पहिल्याच दिवशी, यजमानाच्या तोंडून, कळले पाहिजे.

आता तयारीच्या व्यवहाराकडे. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे यजमानाचे वर्ष. पाश्चात्त्य देशांतल्या सुट्ट्या जून ते ऑगस्टमध्ये येतात. त्याच महिन्यांत पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, आणि जिथे रस्ता सुरू असतो तिथे अख्खे गाव धानाच्या रोवणीत गुडघाभर चिखलात असते. मार्च-एप्रिलमध्ये बायका-मुले पहाटेच मोहफुले वेचायला जंगलात जातात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम, वर्षभराची रोकड याच पंधरवड्यात हाती येते. दिवाळीनंतर कापणी-मळणी, आणि मग हिवाळ्याच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकांच्या. माणसांना बसून बोलायला सवड असते ती हिवाळ्यात, नाताळाच्या आसपास. ज्या गटाला जुलैतच येता येते त्याने रोवणीला हात लावावा, नाहीतर दुसरा मुलूख शोधावा. गावाने त्याच्यासाठी काम थांबवावे, ही अपेक्षा त्याला ठेवता येणार नाही.

भाषेचे म्हणाल तर तीन आठवड्यांत कोणी माडिया शिकत नाही. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरमध्ये हेमलकशाला सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात ती रोग्यांशी बोलता बोलता आत्मसात केली, त्याला लागला तो वर्षानुवर्षांचा मुक्काम. पाहुण्याने ‘जोहार’ म्हणायला, नाव विचारायला, पाणी मागायला आणि आभार व्यक्त करायला शिकावे, आणि उरलेला वेळ दुभाष्याबरोबर घालवावा. दुभाष्या हा गटाचा सर्वांत महत्त्वाचा सहकारी आहे. त्याला आधी भेटावे, काय बोलणार ते सांगावे, ‘असे इथे बोलू नका’ हे त्याचे म्हणणे मानावे आणि त्याच्या दिवसाचे योग्य मानधन द्यावे.

आरोग्याच्या बाबतीत या जिल्ह्यात हयगय चालत नाही. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो आणि त्यातला फाल्सिपॅरम हा प्रकार मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. निघण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध सुरू करावे, औषध लावलेली मच्छरदाणी बरोबर असावी, आणि ताप आल्यावर तो अंगावर न काढता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. परतल्यानंतरही काही महिन्यांत ताप आला तर आपण हिवतापाच्या भागात जाऊन आलो हे तिथल्या डॉक्टरला आवर्जून सांगावे. आजारी पडलेला पाहुणा यजमानाची एकुलती एक गाडी आणि दोन माणसे अडकवून ठेवतो. स्वतःची काळजी घेणे हा इथे सेवेचाच भाग आहे.

कायद्याची तयारीही प्रामाणिकपणे व्हावी. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी कामासाठी भारताचा वेगळा व्हिसा आहे. परदेशी डॉक्टरला इथे रुग्ण तपासायचे तर परवानगी लागते. परदेशातून आलेली देणगी परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेनेच स्वीकारायची असते, ती पाळकाच्या हातात पाकिटातून देता येत नाही. परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाला २४ तासांच्या आत करावी लागते. हे नियम मोडले तर पाहुणा विमानाने परत जातो आणि चौकशीला यजमान उभा राहतो. नक्षल चळवळ आणि पोलिसी कारवाया यांच्यामध्ये दशकानुदशके भरडल्या गेलेल्या गावांत अनोळखी माणसाचे येणे ही साधी बाब नसते, याचेही भान असावे. आपल्या मुलखातून बाहेर जाणाऱ्या मराठी गटांनी हाच हिशेब उलट्या दिशेने, जाणार त्या देशाच्या कायद्याने मांडावा.

मुलांविषयी एक नियम कुठल्याही सवलतीशिवाय पाळावा. आईबापांना विचारल्याशिवाय मुलाचा फोटो काढू नये, आणि आजाराचा किंवा गरिबीचा फोटो आपल्या मंडळीत निधी मागण्यासाठी दाखवू नये. आपल्या मुलाचे असे छायाचित्र परक्या देशातल्या पडद्यावर चाललेले कोणत्या आईला आवडेल? चॉकलेटे वाटणेही टाळावे. जे द्यायचे ते शाळेच्या किंवा मंडळीच्या हातून द्यावे, म्हणजे देणारा हात गावातलाच राहतो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या संशोधकासाठी काम खूप आहे. चांदा आणि सिरोंचा इथल्या मिशनची जुनी कागदपत्रे मराठी वाचकासाठी कोणीतरी उघडायला हवीत. आनंदवनात आलेल्या परदेशी स्वयंसेवकांच्या आठवणी आणि त्यांना पाहणाऱ्या वरोरावासीयांच्या आठवणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. पाहुण्यांना वर्षानुवर्षे उतरवून घेणाऱ्या पाळकांच्या, सिस्टरांच्या, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या मुलाखती व्हायला हव्यात. अभ्यासाचा सर्वांत मोठा तुटवडा यजमानाच्या साक्षीचा आहे, आणि तो मराठीत, गोंडीत, तेलुगूतच भरून निघेल. असे संशोधन करणाऱ्याने लिहिलेले आधी त्या गावात वाचून दाखवावे आणि मगच छापावे.

जो वाचक खरोखर यात्रेला निघतो आहे त्याला शेवटी एवढेच सांगणे आहे. तिकीट काढण्याआधी यजमानाला पत्र लिहा आणि तीन प्रश्न विचारा: आम्ही यावे का, कधी यावे, आणि आल्यावर काय करू नये? उत्तर येईपर्यंत थांबा. ते ‘येऊ नका’ असे आले तर तेही देवाघरचे उत्तर समजून मान्य करा, आणि ‘या’ असे आले तर त्यांनी सांगितलेल्या दिवशी, त्यांनी सांगितलेल्या कामाला, मोकळ्या हातांनी जा.